नसेच्या आगीवर मेडिकलमध्ये काय मिळतं: लिडोकेनचा पॅच, मलम आणि कार्बामाझेपिनची गोळी

आठवडी बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या मेडिकलसमोर थोडा वेळ उभं राहिलं तरी हे वाक्य कानावर पडतं: “पाय जळून राह्यले जी, काही तरी द्या.” काउंटरवरून मिळणारं उत्तरही जवळजवळ ठरलेलं असतं. डायक्लोफेनॅकची गोळी, सोबत ॲसिडिटीची, एक बी-कॉम्प्लेक्स आणि चोळायला बाम. आठ दिवसांनी माणूस परत येतो, आग तशीच. मग सुई, मग सलाइन.

डायक्लोफेनॅक वाईट औषध नाही. गुडघा सुजला, दाढ ठणकली, पाय मुरगळला तर ते काम करतं, कारण ते सुजेवरचं औषध आहे. पण तळवे जळणं, मुंग्या येणं, वीज चमकावी तशी कळ, अंगावरच्या चादरीचाही स्पर्श न सोसणं ही सुजेची लक्षणं नाहीत. तिथे नसच बिघडलेली असते. आणि नस म्हणजे सलाइन लागते ती नव्हे. आपल्याकडे रक्तवाहिनीलाही नस म्हणतात आणि मज्जातंतूलाही, त्यातून बराच घोळ होतो. इथे नस म्हणजे मज्जातंतू.

दुसरा घोळ ‘सोडियम’ या शब्दाचा. पाकिटावर ‘डायक्लोफेनॅक सोडियम’ छापलेलं असतं, पण ते त्या औषधाच्या क्षाराचं नाव आहे. खाली ज्या सोडियम चॅनलबद्दल लिहिलं आहे त्याच्याशी त्या छापील शब्दाचा संबंध नाही. जेवणातलं मीठ कमी-जास्त करूनही नसेची आग कमी-जास्त होत नाही.

नसेच्या सोडियम चॅनलवर थेट काम करणारी आणि तालुक्याच्या ठिकाणी मिळणारी औषधं मुख्यतः दोन: लिडोकेन आणि कार्बामाझेपिन. निकाल आधीच सांगतो. नागीण बरी झाल्यावर मागे राहणाऱ्या आगीसाठी लिडोकेनचा ५ टक्क्यांचा पॅच उत्तम, पण महाग. चेहऱ्यातून जाणाऱ्या विजेसारख्या कळेवर कार्बामाझेपिनसारखं दुसरं औषध नाही, मात्र ते सांभाळून घ्यावं लागतं. साखरेच्या रुग्णाच्या जळत्या पायांसाठी या दोन्ही गोष्टी पहिल्या पसंतीच्या नाहीत. आणि लिडोकेनची २ टक्क्यांची जेली साध्या धड कातडीवर चोळणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

हे असं का, ते कळायला नसेचं काम थोडं समजून घ्यावं लागेल.

नसेच्या आत आणि बाहेर विजेचा फरक असतो. आतली बाजू बाहेरच्यापेक्षा साधारण ७० मिलिव्होल्टने उणे. सोडियम बाहेर भरपूर, आत थोडा. नसेच्या आवरणात प्रथिनांची बारीक दारं बसवलेली असतात, तीच सोडियम चॅनल. टाच काट्यावर पडली की तिथली दारं उघडतात, सोडियम आत घुसतो, तेवढ्या जागेची वीज उलटी होते, त्या धक्क्याने पुढची दारं उघडतात, आणि ही लाट पाठीच्या कण्यापर्यंत जाते. एकेक दार हजारांश सेकंदापुरतं उघडून आपोआप बंद होतं आणि क्षणभर कुलूपबंद राहतं. हे कसं चालतं ते हॉजकिन आणि हक्सली यांनी १९५२ साली माखलीच्या जाड नसेवर प्रयोग करून गणितासकट मांडलं, १९६३ साली त्यांना नोबेल मिळालं.

दुखण्याचा निरोप नेणाऱ्या नसांत बारीक नसा फार सावकाश चालतात, सेकंदाला अर्धा ते दोन मीटर. म्हणून अंगठ्याला ठेच लागली की आधी टोचल्याचं कळतं आणि सेकंदभराने आग येते. पहिला निरोप वेगवान नसेतून आलेला, दुसरा या बारीक नसेतून. जळजळ, आग, रात्रीचा ठणका हा सगळा प्रांत याच बारीक नसांचा.

माणसाच्या शरीरात सोडियम चॅनलचे नऊ प्रकार आहेत, १.१ ते १.९ असे क्रमांक दिलेले. १.५ प्रामुख्याने हृदयात, १.४ स्नायूंत, आणि १.७, १.८, १.९ मुख्यतः दुखणं वाहणाऱ्या नसांत. १.७ चं महत्त्व दोन उलट टोकांच्या आजारांनी दाखवलं. त्याच्या जनुकात एका प्रकारचा बिघड असला तर दार गरजेपेक्षा सहज उघडतं: हातपाय लालबुंद होऊन आग होते, ऊब लागली की वाढते, गार पाण्यात पाय बुडवले की बरं वाटतं. हे कोडं २००४ साली उलगडलं. उलट २००६ साली पाकिस्तानातल्या काही कुटुंबांतली अशी मुलं अभ्यासली गेली ज्यांचं हेच दार जन्मापासून बंद होतं. त्यांना दुखणं म्हणजे काय ते कधीच कळलं नाही. स्पर्श कळायचा, पण हाड मोडलं, जीभ चावली गेली तरी कळ नाही. त्यातला एक मुलगा रस्त्यावर निखाऱ्यांवर चालून दाखवायचा आणि चौदा वर्षांचा व्हायच्या आतच छपरावरून उडी मारून दगावला. वेदनेची गरज किती आहे ते या मुलांकडे पाहून कळतं, आणि बधीर पाय घेऊन शेतात हिंडणाऱ्या माणसाचा धोकाही.

नस दुखावली, नागिणीच्या विषाणूने पोखरली किंवा साखरेने कुरतडली की ही दारं नको तिथे गोळा होतात, नको तेव्हा उघडतात. काटा नसतो, जखम नसते, तरी निरोप जात राहतो. मग औषधाने करायचं काय? सगळी दारं बंद केली तर हृदयही थांबेल. लिडोकेन आणि कार्बामाझेपिन दोघांचा गुण असा की जे दार वारंवार उघडतं त्यालाच ते जास्त धरतात. शांत नस फारशी दबत नाही, वटवटणारी दबते.

आता एकेक वस्तू.

लिडोकेनचा पॅच

लिडोकेन १९४३ साली स्वीडनमध्ये लोफग्रेन आणि लुंडक्विस्ट यांनी तयार केलं. दाढ काढताना हिरडीत देतात ती सुई यानेच भरलेली असते. पॅच म्हणजे तेच औषध चिकट कापडावर. प्रमाण आकाराचा पॅच १० बाय १४ सेंटिमीटरचा, त्यात ७०० मिलिग्रॅम लिडोकेन. यातलं साधारण ३ टक्के एवढंच अंगात जातं. बाकीचं कापडातच राहतं, आणि हाच त्याचा मोठा गुण: कातडीखालच्या बारीक नसा शांत होतात, रक्तात फारसं उतरत नाही, झोप येत नाही, तोल जात नाही. बैलबंडी हाकणाऱ्या किंवा विहिरीवर जाणाऱ्या म्हाताऱ्या माणसासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. जागा पूर्ण बधीर होत नाही, हात लावलेला कळतो, पण आग निवते.

वापरायची रीत नीट पाळली तरच उपयोग. जागा साध्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करायची. केस असतील तर कात्रीने कापायचे. वस्तरा फिरवला की बारीक ओरखडे पडतात आणि तिथून औषध जास्त शिरतं. पॅच मोठा वाटला तर मागचा कागद काढायच्या आधी कात्रीने हवा तसा कापता येतो. बरगडीवरच्या नागिणीला सहसा लांबट तुकडा लागतो. एका वेळी जास्तीत जास्त ३ पॅच. १२ तास लावायचा, १२ तास उघडं ठेवायचं. चोवीस तास ठेवल्याने गुण वाढत नाही, धोका वाढतो.

विदर्भाच्या उन्हाळ्यात तो टिकत नाही, ही खरी अडचण. मे महिन्यात दुपारी लावलेला पॅच घामाने तासाभरात कडेने सुटतो. आमचा सल्ला: रात्री आठला अंघोळ करून, पंख्याखाली अंग कोरडं करून लावावा, सकाळी आठला काढावा. नागिणीची आग रात्रीच जास्त छळते, त्यामुळे वेळही जमते. पॅचवर गरम पाण्याची पिशवी, शेक, चुलीजवळ बसणं नको, उष्णतेने औषध भसकन आत जातं.

कुठे लावू नये? ओल्या फोडांवर, खपलीवर, जखमेवर. नागीण अंगावर असताना पॅचचं काम नसतं. तेव्हा काम असतं ते विषाणूवरच्या गोळीचं, ॲसायक्लोविर ८०० मिलिग्रॅम दिवसातून पाच वेळा, सात दिवस, आणि पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू. गावोगाव अजून मंतरणं, गेरू-कावेचा लेप आणि ‘नागिणीची दोन्ही टोकं जुळली की माणूस जातो’ ही भीती आहे. नागीण एका नसेच्या पट्ट्यातच राहते आणि सहसा अंगाच्या अर्ध्या भागापलीकडे जात नाही, त्यामुळे टोकं जुळायची भीती खोटी. पण मंतरण्यात गेलेले तीन दिवस खरोखर महाग पडतात, कारण विषाणूवरच्या गोळीचा खरा उपयोग त्याच दिवसांत असतो. कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आले तर डोळ्याच्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी जावं.

विकत घेताना पाकीट वाचा. डायक्लोफेनॅकचे आणि मेंथॉलचे पॅच दिसायला असेच असतात आणि ‘एकच आहे’ म्हणून हातात पडतात. ‘लिडोकेन ५%’ लिहिलेलं हवं. दोन-तीन आठवडे नियमाने लावूनही फरक नसेल तर थांबावं, पुढे पैसे घालू नयेत.

वापरून झालेला पॅच उकिरड्यावर फेकू नका. त्यात अजून साडेसहाशे मिलिग्रॅमच्या वर औषध असतं. लहान मुलाने किंवा कुत्र्याने चघळला तर जिवावर बेततं. चिकट बाजू आत घडी करून, जुन्या डब्यात टाकून झाकण लावावं.

मलम, जेली, क्रीम

पॅच परवडत नसेल तर ५ टक्क्यांचं मलम हा पर्याय आहे, थोडा गलथान पण कामाचा. एका वेळी जास्तीत जास्त ५ ग्रॅम, म्हणजे ट्यूबमधून साधारण सहा इंचांची वळी. तेवढ्यात २५० मिलिग्रॅम लिडोकेन येतं. मोठ्या माणसाला दिवसभरात १७ ते २० ग्रॅमच्या वर नको. लावल्यावर हात धुवायचे, नाहीतर त्याच हाताने डोळा चोळला की डोळा बधीर होतो आणि कचरा गेलेला कळत नाही. लावून वर प्लॅस्टिक गुंडाळू नये.

२ टक्क्यांची जेली ही लघवीची नळी घालताना, ओल्या नाजूक अस्तरावर वापरायची वस्तू आहे. धड कातडीच्या कोरड्या थरातून ती नसेपर्यंत पोचत नाही. तरी जळत्या तळव्यांसाठी तीच दिली जाते, कारण स्वस्त असते.

लिडोकेन आणि प्रिलोकेन अडीच-अडीच टक्के असं मिश्रण असलेली क्रीम सुई टोचण्याआधी लावायची असते, झाकून तासभर. रोजच्या आगीसाठी ती नाही. जी६पीडी या द्रव्याची कमतरता असलेल्या माणसाला आणि तान्ह्या बाळाला प्रिलोकेनने रक्ताचं प्राणवायू वाहून नेण्याचं काम बिघडून अंग निळसर पडू शकतं. आपल्या भागात सिकलसेलची तपासणी होते त्या ठिकाणी जी६पीडीची चौकशी करून घ्यायला हरकत नाही. आणि बाळाला दात येताना हिरडीवर लिडोकेनची जेली लावणं पूर्ण बंद करा. गिळली जाते, झटके येतात.

लिडोकेन जास्त झाल्याची खूण लक्षात ठेवा: ओठांभोवती बधिरपणा, तोंडात लोखंडी चव, कानात शिट्टी, मग स्नायू उडणं आणि झटके. हे दिसलं की पॅच काढा, मलम पुसा, दवाखाना गाठा. गावात टाके घालताना सुई देणाऱ्यांसाठी हिशेब: साध्या लिडोकेनची मर्यादा किलोमागे साडेचार मिलिग्रॅम. २ टक्क्यांच्या द्रावणात एका मिलिलिटरला २० मिलिग्रॅम असतात, म्हणजे ५० किलोच्या माणसाला ११ मिलिलिटरच्या वर नाही. पू झालेल्या गळवात सुई देऊन बधीर होत नाही ही तक्रार नेहमीची. दोष जुन्या औषधाचा नसतो. पुवाची जागा आम्ल होते, आम्लात लिडोकेनवर विद्युतभार चढतो आणि भार चढलेलं लिडोकेन नसेच्या आवरणातून आत जाऊ शकत नाही. दार तर त्याला आतूनच बंद करायचं असतं. म्हणून आणखी सुई टोचण्यापेक्षा गळवापासून दूर, धड जागेत नस गाठावी.

कार्बामाझेपिनची गोळी

मूळ औषध फिटचं, आणि गावात ओळख तीच: ‘मिरगीची गोळी’. म्हणून चेहऱ्याच्या कळेसाठी लिहून दिली की घरचे घाबरतात, मुलीचं लग्न अडेल म्हणून पाकीट लपवतात. हे स्पष्ट सांगायला हवं की १९६० च्या दशकापासून ही गोळी चेहऱ्याच्या नसेच्या कळेसाठी वापरली जाते आणि आजही तिथे तीच पहिली आहे.

ती कळ ओळखणं सोपं आहे. गालाच्या, हिरडीच्या किंवा जबड्याच्या एकाच बाजूला, वीज पडावी तशी, काही सेकंद ते दोन मिनिटं, मग पूर्ण शांत. दात घासताना, चूळ भरताना, वाऱ्याच्या झुळकीने, भाकरीचा पहिला घास चावताना येते. माणूस बोलता बोलता गाल धरून थांबतो. दाढेतून कळ निघते असं वाटतं म्हणून दाढा उपटल्या जातात, एक, दोन, तीन, आणि कळ तिथेच. खर्रा खाणाऱ्याचा जबडा दुखतो तो प्रकार वेगळा: तिथे तोंडच पुरतं उघडत नाही, आतलं अस्तर पांढुरकं-ताठ झालेलं असतं, तिखट झोंबतं. तिथे या गोळीचं काम नाही, खर्रा सोडणं आणि तोंडाची तपासणी हेच काम.

मात्रा अशी वाढवतात. २०० ची गोळी मधोमध मोडून सकाळी अर्धी, रात्री अर्धी, जेवणानंतर. मग दर काही दिवसांनी १०० मिलिग्रॅम वाढ, म्हाताऱ्या माणसात आणखी सावकाश. बहुतेकांना ४०० ते ८०० मिलिग्रॅममध्ये आराम पडतो, कमाल दिवसाला १२००. खरी नसेची कळ असेल तर पहिल्या काही दिवसांतच फरक जाणवतो, इतका की डॉक्टर त्यावरून निदान पक्कं करतात. तीन महिने शांत गेले की मात्रा हळूहळू उतरवून पाहायची. ‘सीआर’ किंवा ‘एसआर’ लिहिलेली, सावकाश विरघळणारी गोळी मात्र चावायची, कुटायची नाही.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पुष्कळ जण म्हणतात, ‘गोळी सुरुवातीला लागू पडली, आता पडत नाही.’ हे अपेक्षित आहे. ही गोळी यकृताला स्वतःलाच लवकर मोडायला शिकवते, त्यामुळे तीन ते पाच आठवड्यांत रक्तातलं प्रमाण घसरतं. तेव्हा मात्रा वाढवावी लागते, औषध बदलावं लागत नाही. याच कारणाने गर्भनिरोधक गोळ्या हिच्यासोबत फसतात. सरकारी माला-एन घेणाऱ्या बाईने हे आशाताईला आणि डॉक्टरांना सांगितलंच पाहिजे. उलट खोकल्यासाठी दिलेलं एरिथ्रोमायसिन किंवा क्लॅरिथ्रोमायसिन हिचं प्रमाण एकदम चढवतं: चक्कर, दोन-दोन दिसणं, झोकांड्या. दारू प्यायल्यासारखा चालतो म्हणून घरचे रागावतात, दोष औषधांच्या जोडीचा असतो.

तीन धोके गंभीर. पहिला कातडीचा. पहिल्या दोन महिन्यांत ताप, तोंडात फोड, डोळे लाल आणि अंगावर चट्टे उठून साल सुटायला लागली तर त्याच क्षणी गोळी बंद आणि थेट मोठं रुग्णालय. एरवी ही गोळी अचानक बंद करायची नसते, विशेषतः फिटच्या रुग्णाने, पण इथे एक तासही थांबायचं नाही. एचएलए-बी १५०२ हे जनुक असलेल्यांना हा धोका जास्त. तपासणी नागपूरसारख्या ठिकाणी होऊ शकते, डॉक्टरांना विचारावं. दुसरा धोका रक्तातलं सोडियम उतरण्याचा, म्हाताऱ्या माणसात जास्त. चॅनल अडवण्यापेक्षा ही भानगड वेगळी, गोळीमुळे शरीर पाणी धरून ठेवतं. उन्हाळ्यात सुस्ती, ओकारी, बडबड दिसली की ‘ऊन लागलं’ म्हणून नुसतं पाणी पाजत बसतात आणि सोडियम आणखी उतरतं. अशा रुग्णाचं रक्त तपासून घ्या. तिसरा, पांढऱ्या पेशी कमी होण्याचा. सुरू करण्याआधी आणि नंतर काही आठवड्यांनी रक्त आणि यकृताची तपासणी, म्हाताऱ्याची नाडी मंद असेल तर ईसीजी.

चाळिशीच्या आतल्या माणसाला ही कळ असेल, दोन्ही बाजूंना असेल किंवा गाल बधीर असेल तर आधी मेंदूचा एमआरआय. सेवाग्राम किंवा नागपूरचं मेडिकल कॉलेज एवढ्या लांब जाणं होतं, पण गोळी चालू असतानाही हे करता येतं.

साखरेचे पाय आणि बधीर पाय

साखरेने सगळ्यात लांब नसा आधी मरतात, म्हणून दोन्ही पायांची बोटं पहिली, मग घोट्यापर्यंत मोज्यासारखं चढतं. वाढलेल्या साखरेतून तयार होणारं मेथिलग्लायॉक्सल हे द्रव्य १.८ क्रमांकाच्या चॅनलला चिकटून नस जास्त वटवटवतं, एवढं संशोधनात दिसलेलं आहे. तरी इथे कार्बामाझेपिनचा पुरावा कमकुवत. रात्री १० मिलिग्रॅम ॲमिट्रिप्टिलिनने सुरुवात, किंवा ड्युलॉक्सेटिन, किंवा प्रीगॅबालिन, हे आधीचे पर्याय. ॲमिट्रिप्टिलिन इतर कामांसोबत सोडियम चॅनलही थोडं धरतं, स्वस्त आहे, पण लघवी अडणाऱ्या, काचबिंदूच्या किंवा हृदयाच्या रुग्णाला नको. प्रीगॅबालिन कॅल्शियम चॅनलचं औषध आहे. किडनी कमजोर असेल तर मात्रा कमी लागते. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्याचं आणि शाकाहारी माणसाचं बी-१२ तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. क्षयाची औषधं घेणाऱ्याला पायरिडॉक्सिन, म्हणजे बी-६ व्हिटॅमिन, मिळतं का ते पाहावं.

जळणं आणि बधीर होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मेडिकलवाल्यानेही समजून घ्यावं. चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही, चालताना माती कापसासारखी लागते, ही मेलेल्या नसेची खूण. तिथे सोडियम चॅनलचं कोणतंच औषध संवेदना परत आणत नाही. उलट बधीर करणारं मलम उरलंसुरलं भान घालवतं. अशा पायाला बिब्बा घालणं, शेक देणं, डाग देणं म्हणजे न कळणारी जखम करणं. अंगावरच्या फिक्या चट्ट्यात टोचलेलं कळत नसेल, बोटं वाकडी होत असतील तर कुष्ठरोगाची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात करावी, औषध मोफत आहे. गडचिरोली-चंद्रपूरकडे हा आजार संपलेला नाही, आणि वरोऱ्याच्या आनंदवनाच्या भागात तरी हे कुणाला नव्याने सांगावं लागू नये.

फवारणी आणि विंचू

पराटी, म्हणजे कपाशी, छातीला लागली की बोंडअळीसाठी सायपरमेथ्रिन, लॅम्ब्डा-सायहॅलोथ्रिन सुरू होतं. ही विषं अळीच्या सोडियम चॅनलचं दार उघडं धरून ठेवतात. माणसाच्या कातडीतल्या नसांवरही तेच. फवारा मारून आल्यावर काही वेळाने गाल, ओठ, पापण्या जळू लागतात, मुंग्या येतात, घामाने आणि उन्हाने वाढतं, पाणी लागलं की जास्त झोंबतं. तरी आधी कपडे काढून साबणाने धुवायचंच, मग खोबरेल तेल किंवा ई-व्हिटॅमिनचं तेल लावायचं. सहसा चोवीस तासांत निवतं. लिडोकेनचं मलम चेहऱ्यावर, डोळ्यांजवळ फासू नये. नोझल अडकली की तोंडाने फुंकायची सवय मात्र आजच सोडावी.

प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिन एकत्र असलेल्या बाटलीची गोष्ट निराळी. तोंडाला पाणी सुटलं, बाहुली टाचणीएवढी झाली, छाती घुरघुरली तर ते चॅनलचं काम नाही, सेंद्रिय फॉस्फरसची विषबाधा आहे. ॲट्रोपिन लागतं, बाटली सोबत घेऊन दवाखान्यात न्या. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीने माणसं गेली, हे विसरायला नको.

लाल विंचवाचं विषही सोडियम चॅनल उघडी ठेवतं. दंशाच्या जागी लिडोकेनची सुई दिली की ठणका थांबतो आणि सगळे निश्चिंत होतात, पण विष तिथे थांबत नाही. भरपूर घाम, ओकारी, हातपाय गार पडणं दिसलं तर ते हृदयावर चाल करून आलं आहे. इथे प्राझोसिन आणि प्रतिविष लागतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांच्या कामामुळे प्राझोसिनचा वापर रूढ झाला. ठणका गेला म्हणून मुलाला घरी नेऊ नका, काही तास दवाखान्यात ठेवा.

नवीन काय

सुझेट्रिजिन ही फक्त १.८ क्रमांकाचं चॅनल अडवणारी गोळी अमेरिकेत ३० जानेवारी २०२५ रोजी मंजूर झाली, शस्त्रक्रियेनंतरच्यासारख्या ताज्या दुखण्यासाठी. मेंदूवर परिणाम नाही, व्यसन नाही, ही मोठी गोष्ट. पण जुनाट नसेच्या आगीसाठी तिचा पुरावा अजून अपुरा आहे, मांडीतून पायात उतरणाऱ्या कळेवरच्या चाचणीत, औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा ती सरस ठरली नाही. तिच्यासाठी थांबून राहू नये.

खरेदी करताना एवढं बघा. कार्बामाझेपिन जनऔषधी केंद्रात स्वस्त मिळतं. एकदा लागू पडलेली कंपनी शक्यतो बदलू नये. पाकीट कात्रीने कापून चार-पाच गोळ्या देताना मुदत छापलेली कड दुकानातच राहते, ती कड असलेला तुकडा मागून घ्या. आणि पावसाळ्यात गोळ्या पाकिटातून काढून डबीत ओतू नका. दमट हवेत कार्बामाझेपिनची गोळी कडक होते, नीट विरघळत नाही आणि तिचा परिणाम एक तृतीयांशाने उतरू शकतो. मोरीच्या फळीवर किंवा चुलीच्या कोनाड्यात न ठेवता, घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात, पाकिटासकट, आतल्या खोलीत ठेवा. आषाढ-श्रावणात कळ पुन्हा उठली तर मात्रा वाढवण्याआधी तो डबा उघडून पाहा.